करवतीच्या खड्ड्यातला बैल

आदरणीय आखीदादा आणि वहिनी,

प्रभूची शांती तुमच्या घरावर, तुमच्या कोंबड्यांवर आणि वहिनींच्या गुडघ्यावर असो. इथे आम्ही सगळे सुखरूप आहोत. तुझ्या मेहुण्याचा, फूसाचा खोकला गेला, सासूबाईंचा आला. तुझं दुकान बरं चालत असेल, पुताओच्या थंडीत तू कानटोपी घालत असशील आणि रविवारी उघडं ठेवत नसशील अशी आशा करते. (पत्राच्या मागच्या बाजूला गायनमंडळीची गाणी आहेत. कागद कोरा असताना फक्त एकाच बाजूला लिहिणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे. गाणी उतरवून घे आणि कागद परत पाठव.) पत्र शाळेचे मास्तर घेऊन येत आहेत. चार दिवस चालून येतील, तेव्हा त्यांना जेवायला घाल, पण मध दाखवू नकोस, हात आवरत नाही त्यांचा.

दादा, यंदा नाताळाची पंगत आपल्या गावाकडे होती, हे तुझ्या कानावर असेलच. तीन गावं जेवायला येणार, त्यात माझ्या नणंदेचं गाव, म्हणजे आधी भाताची शितं मोजणार आणि मग प्रार्थनेला डोळे मिटणार. आणि पावसाळ्यात डुकरांवर रोग आला नि गावात दोन डुकरं उरली, त्यातलं एक पास्टर सिलांचं, म्हणजे नसल्यासारखंच. मांसाशिवाय पंगत वाढली असती, तर पुढची दहा वर्षं आम्हाला प्रत्येक लग्नात "या, या, मोहरीच्या पाल्याच्या गावचे आले" असं म्हटलं असतं. राहता राहिला तो तांबडा बैल. पलीकडच्या खोऱ्यातलं गाव उठून गेलं तेव्हा मागे राहिला, चार वर्षं रानात एकटा वाढला, ना मालक, ना दावं, खांदा माझ्या कपाळाला लागेल एवढा. तीन शेतांचा मका त्याने एकट्याने खाल्ला. मंडळीच्या वडीलजनांनी जाहीर केलं, जो मारील त्याने मारावा आणि पंगतीला द्यावा. बंदुका गावात नाहीत, त्यामुळे आपलं आडवं धनुष्यच.

फूसा आणखी दोघांना घेऊन गेला. तीन दिवस गेला. बचनागाचं विष लावलेला बाण लागला की जनावर शंभर पावलांत बसतं, हे त्याने जाताना मला तीनदा ऐकवलं. चौथ्या दिवशी परत आले ते मधाचं एक पोळं आणि तिघांची मिळून एकच उघडी पापणी घेऊन. मी म्हटलं, "बैल कुठाय?" तर म्हणतो, "बैलानेच पोळं दाखवलं." मग खोकला घेऊन चुलीपाशी जो बसला तो बसलाच. मी जास्त बोलले नाही. (बोलले, पण ते प्रार्थनेत बोलले, मोठ्याने.)

शनिवारी मी मोहरीच्या वाफ्यावर गेले. जाताना भिंतीवरचं धनुष्य आणि भाता घेतला, कारण आदल्या दिवशी वाफ्यात खुरांचे ठसे दिसले होते. पोचते तो काय, साहेब माझ्या मोहरीत उभे. खात होते म्हणू नये, निवडत होते. कोवळा पाला तेवढा घ्यायचा नि जून माझ्यासाठी ठेवायचा. दादा, ती मोहरी मी पंगतीसाठी राखली होती. तुला आठवतं ना, धनुष्य कसं ताणायचं ते तू मला शिकवलं होतंस, जमिनीवर बसून, दोन्ही पाय दांड्याला लावून, दोरी दोन्ही हातांनी छातीपर्यंत. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आता मी अकरा वर्षांची नाही आणि अंगावर नवा लुंगीघागरा होता, तरी पहिल्या ओढीला दोरी खटक्यावर बसली. (घागरा शिवणीत दोन बोटं उसवला. आतून शिवला, दिसत नाही.) "प्रभू, हा तुझा, पण मोहरी माझी," एवढंच म्हटलं आणि खटका दाबला. बाण मानेशी बसला. बैलाने एकदा माझ्याकडे असं बघितलं, जसं नणंद पंगतीत बघते, आणि कुंपण घेऊन सुटला. कुंपण घेऊन म्हणजे खरंच घेऊन, दोन बांबू शिंगांत. दिवस मावळेपर्यंत शोधला, सापडला नाही.

रविवारी सकाळी उपासना चालू होती. पास्टर सिला दुसऱ्या मुद्द्यावर होते (पाच असतात) आणि आची आजी, जी बहिरी असल्यामुळे घंटेनंतर अर्ध्या तासाने येते आणि ओरडून बोलते, ती दारातूनच ओरडली, "अरे, करवतीच्या खड्ड्यात बैल पडलाय रे!" प्रार्थनामंदिराच्या फळ्या कापायला मागे जो पुरुषभर खोल खड्डा खणला होता, तो. सगळे उठले. पास्टर म्हणाले बसा. सगळे बसले. मग पास्टर स्वतःच खिडकीपाशी गेले.

आता तूच सांग, रविवारी काम करायचं कसं? आपल्याकडे रविवारी कोणी लाकूड फोडत नाही, सुईत दोरा ओवत नाही. पण सोमवारपर्यंत न फाडता ठेवला तर पोट फुगणार, मांस बिघडणार आणि मंगळवारी पंगत. वडीलजनांत मोठे यशयाकाका. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "विश्रामवारी खड्ड्यात पडलेला बैल बाहेर काढायला प्रभूनेच परवानगी दिलीय. काढा." झालं! वेताचे दोर आले, फळ्या आल्या, रविवारचे कपडे घातलेली चाळीस माणसं ओढायला लागली, पास्टर ताल धरायला स्तोत्र म्हणायला लागले, आणि तिसऱ्या कडव्याला बैल वर आला. मेलेलाच होता. सगळ्यांनी घाम पुसला आणि यशयाकाका म्हणाले, "बाहेर काढलाय. आता पुढे काही सांगितलेलं नाही. चला, उपासना."

दादा, मी मॅट्रिक झालेली बाई आहे, मंडळीत बायका बोलत नाहीत हे मला समजतं. पण बैल तिथे उन्हात आणि आम्ही आत गाणार? मी उभी राहिले आणि म्हटलं, "काका, बैल बाहेर काढला, पण त्याच्या आतलं अजून आतच आहे. म्हणजे काढायचं काम अर्धंच झालं ना?" फूसाने माझा घागरा ओढला (उसवलेल्या बाजूनेच). यशयाकाकांनी पुन्हा डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग म्हणाले, "आतलं काढा. कातडं नाही, तुकडे नाहीत, ते सोमवारी. आणि आम्ही बघणार नाही." म्हणून सगळे वडीलजन आमच्याकडे पाठ करून, छातीशी गीतपुस्तक धरून, डोंगराकडे तोंड करून उभे राहिले, आणि मी नि फूसाने पोट फाडलं. पाठमोऱ्यानेच यशयाकाका म्हणाले, "विष असेल, बाणाभोवतीचं ओंजळभर काढून लांब फेका." फूसाने फेकलं. कुठे पडलं ते मी बघून ठेवलं.

पंगत कशी झाली विचारू नकोस, विचार! तीन गावं जेवली, दुसऱ्यांदा जेवली, आणि पानांत बांधून घेऊन गेली. नणंदेने तीनदा रस्सा घेतला आणि "मीठ जरा कमी आहे" म्हणाली, म्हणजे बाकी बोट ठेवायला जागा नव्हती. मग वहीतून कोणी काय दिलं ते वाचलं गेलं. आची आजीचे सुरण, पास्टरांच्या घरचे तांदूळ (डुक्कर नव्हे), आणि "बैल, फूसाने मारलेला."

दादा, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आपल्या गावचा नियम तुला माहीत आहे, ज्याचा बाण त्याचं जनावर, मग खटका कोणीही दाबो. बाण फूसाच्या भात्यातून निघाला म्हणून फूसाचा. बायकांच्या बाकावर सगळ्यांना एकदम खोकला आला. घरी आल्यावर मी विचारलं, "तू काही बोलला का नाहीस?" तर म्हणतो, "अगं, भाता माझाच आहे ना." मी म्हटलं, "भात्यात माझे बाणही असतात, तुझ्या घरात मी असते तशी!" यशयाकाकांकडे गेले. ते म्हणाले, नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी वही पुन्हा वाचतात, साक्ष आण, नाव बदलू. वडीलजनांसमोर वाचलेलं नाव माझं असावं, एवढंच मला हवंय. शिंगं फूसाने ठेवावीत, टोपी अडकवायला बरी आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण,
नॉमी

ता.क. साक्ष तुझी हवी. लग्नात तू मला दिलेल्या बाणांतलाच तो बाण, मी जपून ठेवलाय. तू डावखुरा, म्हणून तुझ्या बाणाच्या शेपटाचं बांबूचं पान डावीकडे दुमडलेलं असतं, फूसाचं उजवीकडे. तेवढं लिहून सही कर आणि मास्तरांकडे दे. बाण बहिणीला दिला होता असं स्पष्ट लिही, नाहीतर बैल तुझ्याच नावावर लागायचा.

ता.क. २. बाण कुठे लागला हे लिहायची गरज नाही. मानेशी लागला म्हणजे मानेखाली जी पोळी लोंबते, तिच्यातून आरपार, रक्तही धड आलं नाही. बचनाग मी लावलाच नव्हता. उंच कड्यावरून खणून आणलेला, तो मोहरीसाठी कशाला खर्चायचा? म्हणून ते ओंजळभर मांस फेकलं तेव्हा जीव तुटला. बैलाची मान खड्ड्यात पडून मोडली. हे फक्त मला आणि फूसाला माहीत आहे. पण त्याला पळवला कोणी? मीच ना?

ता.क. ३. फूसाही गप्प आहे, कारण त्यालाही कळतंय: तो खड्डा यशयाकाकांनी खणलेला. खरं बाहेर आलं तर ज्याचा खड्डा त्याचं जनावर म्हणून वहीत त्यांचं नाव लागेल. तेव्हा तू आपलं पानाबद्दलच लिही.