घुमटाला लावलेला कान

चाचा,

आज रविवार. सकाळी साडेदहा वाजता मी तुमच्या दुकानात, तुमच्याच स्टुलावर बसून जहाजावरचा सॅटेलाइट सेट चालू करत होतो. आता दिवेलागण झाली, आणि त्याच स्टुलावर बसून हे लिहितोय.

अवसरीचं इंजिनिअरिंग कॉलेज मी अर्ध्यात सोडलं तेव्हा तुम्ही मला या टीव्ही-डिशच्या दुकानात बसवलंत. तुम्ही हे जग सोडून गेल्यावर मी मुंबईच्या एका कंत्राटदाराकडे लागलो. तो बोटींवर असे सेट बसवतो. आजवर मी त्याच्या हाताखाली होतो. गुरुवारी पहिल्यांदा एकट्याने बसवायचाय, म्हणून त्याने सरावाला एक सेट दिला. आमच्या खोडदला तो उघडायची सोय नाही. बांधापलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना, असल्या लहरींनी त्यांच्या कामात अडथळा येतो, तिथे असलं काही चालू करायचं नसतं हे आमच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. म्हणून जुन्नरला तुमच्या गच्चीवर आणला. हंड्याएवढा पांढरा घुमट आहे. आत डिश असते. बोट कितीही डोलली तरी ती मोटरीवर घरघरत आपोआप फिरून उपग्रहाकडे तोंड धरते. पण आपली टीव्हीची डिश नुसती ऐकते, ही बोलतेही, म्हणजे वर लहरी पाठवते. ती बोलत असताना जवळ माणूस नको, असं पुस्तकात लाल अक्षरांत छापलंय.

मी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. केबल आवळल्या, पुन्हा तपासल्या. आकाश चारी बाजूंनी मोकळं आहे ना पाहिलं. जिन्याच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मग खाली येऊन बटण दाबलं. लॅपटॉपवर सिग्नलचा आकडा चढत गेला, थांबला, आणि पाठवण्याचा दिवा हिरवा झाला. मी श्वास सोडतोय तोच आकडा झपकन खाली पडला.

तेवढ्यात मला बेल्ह्यात आपण डिश बसवली होती त्या घराचा पत्रा आठवला. तुम्ही खाली टीव्हीपुढे बसलाय, मी वर उन्हात डिश धरून उभा आहे. तुम्ही ओरडता, "हात धर!" मी डिशच्या तोंडापुढे पंजा धरतो. "गेला! काढ आता. हां, आला!" खाली उतरल्यावर मी विचारतो, हे कशाला? तुम्ही चहा बशीत ओतत म्हणता, "ढग आला तर आकडा दमादमानं उतरतो राव. असा झपकन पडला का समजायचं, म्होरं माणूस हाय. हे पुस्तकात न्हाई लिहीत."

मी प्लग उपटला आणि जिना चढलो. कुलपात किल्ली जाईना. दार उघडलं तर खांद्यावर ओली चादर टाकून चाची उभी. घुमटाला कान लावून.

"चाची, लांब हो!"

"बैलासारखा वरडतो काय रे? ह्यात मांजर अडकलंय. आत्तापर्यंत गुरगुरत व्हतं, एकदम गप झालं. मेलं का काय?"

"तू आलीस कुठून?"

"कुठून म्हंजे? शेजारच्या भाभीच्या गच्चीवरनं. दार तर तूच लावून बसलास."

चाचा, तुमच्या आळीत बायका जिन्यापेक्षा गच्च्यांवरूनच जास्त ये-जा करतात. मी इथे चार वर्षं काढली. तरी कुलूप लावून मोकळा झालो.

कंत्राटदार साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "लहान सेट आहे, समोर काही आलं की पाठवणं आपोआप बंद होतं. क्षणभरानं काही होत नाही. पण बोटीवर माणसं कुठूनही चढतात. तिथे काय करणार तू?" मी फोन ठेवला. पाठवणं आधी थांबलं की आधी प्लग निघाला, हे मला सांगता येत नाही. दुपारभर मी चाचीच्या कानाकडे बघत राहिलो. कान दुखतो का, असं किती वेळा विचारलं असेल. शेवटी ती वैतागली, "तू वरडलास त्यानं दुखतोय, मुडद्या! जेव आता."

मी जेवलो नाही. बटणही पुन्हा दाबलेलं नाही. प्लग काढून इथे कागदाशेजारी ठेवलाय. उद्या चाचीला स्टुलावर बसवावं म्हणतो. ती आकडा बघेल, मी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला राखण करत उभा राहीन, आणि ती तुमच्यासारखी खालून ओरडेल, आला, गेला. बोटीवरही तसंच करीन. वर राखणीला माणूस उभा केल्याशिवाय खाली कुणी बटणाला हात लावायचा नाही.

पण त्यासाठी तिला आधी खरं सांगायला हवं. तिने विचारलं तेव्हा मी शॉक लागेल म्हणून ओरडलो असं म्हणालो. लाल अक्षरांचं काही बोललो नाही. तिला वाटतं मी चिडलो म्हणून मांजर घाबरून आत लपलंय. तुमच्याजवळ बोलल्यावर धीर येईल, असं वाटून लिहायला बसलो होतो. मघाशी ती परत भाभीच्या गच्चीवरून गेली आणि घुमटाजवळ दुधाची वाटी ठेवून आली. ती वाटी मी अजून उचललेली नाही.