मशीनचा चौथा पाय

९ जानेवारी १९९७, गुरुवार

आलं एकदाचं! सकाळी नऊला येणारा ट्रक कडोदऱ्याला अडकला आणि संध्याकाळी पाचला उधन्यात आमच्या दारात लागला. सीएनसी राउटर. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, मशीन आपलं आपण प्लायवूड कोरतं म्हणे. आमचा कपाटांचा कारखाना तो केवढा, माणसं सगळी मिळून सात. पण ह्यांनी मशीनसाठी काचेची खोली बांधली, तिला एसी बसवला! मी चौदा वर्षं पत्र्याखाली बसून ऑफिस सांभाळते. मला टेबलफॅन मिळाला तो तीन उन्हाळे भांडल्यावर.

शेजारच्या गाळ्यातले जयंतीभाई डोकावून गेले. "भाभी, हजी कमुरतां चाले छे." खरंच की! अशुभ दिवस, संक्रांतीपर्यंत इथे कोणी नव्या कामाचा खिळासुद्धा ठोकत नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "इंजिनिअरचं परतीचं रिझर्व्हेशन तेराचं आहे. तोच आपला मुहूर्त." बरं. माझं कोण ऐकतं!

१० जानेवारी

इंजिनिअर पुण्याचा निघाला, पराग नावाचा. वय सत्तावीस-अठ्ठावीस. मी पूजेचं ताट घेऊन गेले तर दारातच अडवलं. "मॅडम, नारळ नको. कुंकू नको. पाणी तर अजिबातच नको. आणि चपला बाहेर काढा, धूळ चालत नाही."

म्हणजे देवळासारख्या चपला काढायच्या आणि देवाचं नाव मात्र घ्यायचं नाही! हे त्याच्या शेजारी उभे राहून नंदीबैलासारखी मान हलवत होते. ताट तसंच परत आणलं. अंगाचा तिळपापड झाला.

११ जानेवारी

मशीन जागेवर बसलं. चेनपुली वाल्मिकने धरली होती. वाल्मिक आमचा हेडमिस्त्री, अमळनेरकडचा, राहतो कोसाडला. कारखाना सुरू झाला त्या दिवसापासून आहे. तीन पाय टेकले, चौथा वीतभर वर होता. पराग खोकी फोडत होता, ह्यांना फोन आला होता. मी घरून पुरचुंडी करून नेली होती — जुन्या लाल पोलक्याचा तुकडा, त्यात चिमूटभर तांदूळ, हळद आणि आईने दिलेला तांब्याचा पैसा. बसून सरकवली पायाखाली.

"हात काढा, वहिनी," वाल्मिक म्हणाला. काढला. पाय खाली बसला.

आता कमुरतां असोत नाहीतर आणखी काही. मन शांत झालं. ह्यांना कळायला नको.

१३ जानेवारी

चाललं! परागने पाणसळ लावून चारही पाय सारखे केले, पान्याने आवळले, आणि स्वयंपाकघराच्या कपाटाचं पहिलं दार कोरलं. नक्षी अशी की नजर लागावी. हे तर लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. वाल्मिकने दारावरून बोट फिरवलं. "बेस शे," म्हणाला आणि आपल्या रंध्याकडे गेला. बस्स, एवढंच! तोंड भरून कौतुक करायला याचं काय जात होतं?

२० जानेवारी

चार दारं वाया. एका कोपऱ्यात खाच आरपार जाते, समोरच्या कोपऱ्यात नुसता ओरखडा. आठवडाभर सुतासारखं चाललेलं मशीन आजच असं का करावं?

२१ जानेवारी

आणखी सहा. पुण्याला फोन लावला. पराग म्हणतो, "मी लेव्हल करूनच निघालो होतो मॅडम. कोणीतरी हात लावला असेल. जुने कामगार लावतात." नाचता येईना अंगण वाकडं! पण रात्री जेवताना हेही तेच बोलले. "वाल्मिकला मशीन आल्यापासून खुपतंय." मी भाकरी वाढली. पण 'बेस शे' आठवलं.

२२ जानेवारी

एसीच्या खोलीत मुंग्या! मशीनच्या पायाशी लाल रांगच रांग. माणसांना डबा आत न्यायला बंदी आहे, मग या आल्या कशा? गमेक्सिनची रेघ ओढली.

२३ जानेवारी

पकडला. जेवणाच्या सुट्टीत खोलीत गेले तर वाल्मिक चौथ्या पायाशी उकिडवा बसलेला, हातात पाना. मी पाना हिसकावून घेतला.

"हाऊ पाय बसी गया, वहिनी," म्हणतो. "जरासा उचलना पडी."

पाय बसला! सिमेंटच्या फरशीवर लोखंडी पाय बसतो का कधी? एवढा शहाणा होता तर आम्हाला बोलवायचं, सगळे जेवायला गेल्यावर चोरासारखं कशाला शिरायचं? सगळ्यांना बोलावून त्यांच्यासमोर बोलले. खाल्ल्या मिठाला जागला नाहीस, म्हटलं. तो उठून उभा राहिला.

"मना हात नही लागना, वहिनी. तुम्ही आठवी पहा."

मी काय आठवू? चोराच्या उलट्या बोंबा!

२५ जानेवारी

ह्यांनी त्याला काढलं. करवत, रंधा, पटाशा गोणपाटात गुंडाळून सायकलला बांधल्या आणि गेला. बाकीच्यांपैकी एकही जण दिवसभर माझ्याशी बोलला नाही. नका बोलू.

२९ जानेवारी

हळदीकुंकवाला वाल्मिकची भागीरथी आली. दरवर्षी येते, पण यंदा येईल असं वाटलं नव्हतं. बायका गेल्यावर थांबली. म्हणाली, नवीन काम कुठे मिळत नाही, तुमच्याकडून काढलं म्हटल्यावर लोक दारातूनच परत पाठवतात. मी म्हटलं, मग केलं कशाला? नवऱ्याला विचार.

"विचारलं," म्हणाली. "ते म्हणतात, वहिनीचं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही."

माझं नाव? माझा काय संबंध! वाण तिच्या हातात दिलं आणि आत निघून आले. अजून डोकं तडतडतंय. उपकार केल्यासारखं बोलतात लोक.

३१ जानेवारी

वाल्मिक जाऊन सहा दिवस झाले, खाच अजून वाकडीच. जाताना काय करून गेला कोण जाणे! पराग सोमवारी येतोय.

३ फेब्रुवारी, सोमवार

परागने जॅक लावून चौथा पाय उचलला. खालून लाल फडकं निघालं. तांदळाचं पीठ झालेलं, बरंचसं मुंग्यांनी नेलेलं, आत पैसा. पराग हसला, "यामुळेच पाय खाली बसला." पाना दोन वेळा फिरवला. मशीन सरळ.

हे म्हणाले, "बघितलंस? वाल्मिकने करणी केली होती. जाळून टाक ते."

मी जाळलं.