टिकलीच्या जागी

१ नोव्हें., शनि.
आज आरशात नीट पाहिलं. फेब्रुवारीत हे गेले तेव्हापासून टिकली बंद, आणि आता तिच्या जागी पांढरा गोल डाग. अगदी मध्यावर. टिकलीपेक्षा ठसठशीत.
सासूबाई म्हणाल्या, "सूनबाय, कपाळार चांदोबा इलोहा."
तेवीसला घाटकोपरला नणंदेच्या मुलाचं लग्न. सगळं सासर मला ह्यांच्याशिवाय पहिल्यांदा बघणार. बघतील ते कपाळच. नको वाटतं.

५ नोव्हें., बुध.
स्किनवाल्याकडे गेले. तरुण आहे. टिकलीच्या गोंदाने रंग गेलाय म्हणाला.
"टिकली ताबडतोब बंद करा."
"बंदच आहे."
"व्हेरी गुड!"
मी मान हलवली. मलम दिलंय. रंग येईल, कदाचित नाही येणार. लग्नापर्यंत तर नाहीच.

८ नोव्हें., शनि.
लेकीने, केतकीने, उपाय काढला. करेक्टर. नुसतं फाउंडेशन लावलं तर डाग राखाडी दिसतो, म्हणून आधी केशरी, मग वर कातडीचा रंग. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. "आदी पुट्टी, मगे रंग. घराक पन इतक्या केला नाय आमी."
केशरी लावून झालं आणि बेल वाजली. कचरेवाला असेल म्हणून डबा घेऊन तशीच गेले. दारात शेजारच्या दळवीकाकू. कपाळाकडे बघून हात जोडले.
"शनिवारचं मारुतीला जाऊन आलात? बरं केलंत हो."
"हो," म्हटलं. करेक्टर कुठे समजावत बसू?

१५ नोव्हें., शनि.
सकाळी सातला दळवीकाकू हजर. हातात तेल, रुईच्या पानांची माळ. "चला, एकटीने जाऊ नका." आमच्या बोरिवलीत इतकी वर्षं राहून मारुतीचं देऊळ कुठे ते मला माहीत नव्हतं. पुजाऱ्याने खरा शेंदूर लावला.
परतताना काकू म्हणाल्या, "तुमचा चेहरा उजळायला लागलाय हं."
पुढच्या शनिवारचंही ठरलं. वाट लागली.

१९ नोव्हें., बुध.
रंगीत तालीम. आज केतकीला शेड बरोबर सापडली. डाग गेला. पूर्ण गेला.
बराच वेळ बघत बसले. डाग होता तोवर तिथे निदान काहीतरी होतं.
के. : "आई, मग टिकली लाव ना यार. आता कोण बघतं?"
मी : "डॉक्टरांनी बंद केलीय."
सासूबाई : "डाक्तरान गोंद बंद केल्यान. कुंकू खंय बंद केल्यान?"
त्यांचं स्वतःचं कपाळ माझ्या लग्नाच्याही आधीपासून कोरं. मी भांडी घासायला उठले.

२३ नोव्हें., रवि.
लग्न झालं. मेकअप टिकला.
हॉलच्या दारात नवरीकडची एक मुलगी तबक घेऊन, येणाऱ्या प्रत्येकीला हळदकुंकू लावत होती. मला ओळखत नव्हती. पदर सावरायच्या निमित्ताने मी बाजूला होत होते, पण तिचं बोट पुढे आलेलंच. नणंदबाई घाईने म्हणाल्या, "अगं, त्या..." आणि थांबल्या. मुलीचं बोट हवेत.
मागून सासूबाई : "लाव गो तिका. आनि माकापन लाव."
लावलं. दोघींना. नणंदबाईंनी फुलांकडे बघितलं.
जेवताना सासूबाईंनी दोनदा चमच्यात स्वतःचं कपाळ पाहिलं. बासुंदी चांगली होती.

घरी आल्यावर के. कापूस आणि मेकअप उतरवायचं तेल देऊन गेली. मेकअप काढूनच झोपायचं, नाहीतर पुरळ येतं म्हणे. पण तो काढायचा म्हणजे कपाळ पुसायचं.
सासूबाई तशाच आडव्या झाल्यात. उशीला कुंकू लागेल म्हटलं.
"लागांदे."
कापूस ओला करून समोर ठेवलाय.