आईचं पातेलं धुतलं त्याची हकिगत

नाशिक, सिडको

ती. अक्कास,

धाकट्या धनराजचा दोन्ही हात जोडून नमस्कार (हात शाबूत आहेत, हे आधीच सांगतो). चांदवडला सगळे बरे असतील. तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिना चढू नकोस.

उन्हाळ्यात तू कुरडयांचा चीक आईच्या जर्मनच्या पातेल्यात पाठवलास. आई गेल्यावर तिच्या घरातून तू एवढं एकच मागून घेतलेलं. ते कधी देतोस म्हणून तुझे तीन फोन आले. पण भांडं रिकामं कसं परत करायचं? प्रतिभा म्हणाली, तुमच्या बहिणीचं भांडं, तुम्हीच भरा. आता मला काय येतं गं? अंबडच्या कारखान्यात चौतीस वर्षं मशिनं साफ ठेवली, तेवढंच. म्हणून मोबाईलवर बघून खोबरेल तेलाचा साबण केला.

साबण झकास झाला. घोडं अडलं ते आवरताना. भांडी एक दिवस तशीच राहू द्या, मग लगदा आपोआप सुटतो, असं मोबाईलवाली बाई सांगत होती. पण दिवेलागणीला आपल्या घरात खरकटं? प्रतिभा कंबरेवर हात ठेवून उभी. (हे खरकटं नाही, साबण आहे, असं म्हणून पाहिलं. तिने मोरीकडे बोट दाखवलं.) मग घाईघाईत सगळं मोरीत खळखळून टाकलं आणि मोरी तुंबली. ओटा व्हिनेगरने पुसला, तर घरभर लोणच्याचा वास. तरी चमचे चिकट ते चिकटच. शेजारी ठेवलेल्या तुझ्या पातेल्यावरही शिंतोडे उडालेले. साबणासाठी कालवलेलं कॉस्टिकचं पाणी थोडं उरलं होतं. कारखान्यात आम्ही त्यानेच मशिनं धुवायचो. (मशिनं लोखंडाची होती, पातेलं ॲल्युमिनियमचं, हे तेव्हा आठवायला हवं होतं.) अंगणात टबामध्ये चमचे आणि पातेलं घालून वरून ते ओतलं. जे काही फसफसलं म्हणतेस! मी खूश होऊन चहाला बसलो. बाहेर काढलं तर पातेलं काळंठिक्कर. मग तासभर घासलं.

आता मोरी वाहती आहे आणि पातेलं लख्ख आहे. त्यात साबणाच्या बारा वड्या घालून तुझ्या शेखरकडे देतोय. महिनाभर वापरू नकोस, अंगाला झोंबेल.

तुझा,
धनराज

ता. क. काठावर आईचं नाव दिसलं नाही, तर चष्म्याचा नंबर तपासू नकोस. नाव गेलंय. शेखरला बजावलंय, आधी कागद दे, मग पातेलं.

ता. क. भांडी बाजारात पुन्हा नाव घालून देतात. मी गेलोही होतो. दुकानदाराने विचारलं, काय लिहायचं? मी म्हटलं, 'सौ. नवसाबाई हिस', आणि पुढे माझी बोबडी वळली. कोणाकडून, कोणती तारीख, मला काहीच आठवेना. पन्नास वर्षं त्यातलं खाल्लं, अक्का, आणि एकदाही नीट वाचलं नाही. तुला पाठ असेल. तेवढं लिहून पाठव. मला फार लाज वाटते.

ता. क. प्रतिभा म्हणते, हेही लिहा. बुडाचा पोचा तसाच आहे. आईला कुठे वाचता यायचं? लग्नकार्यात भांडी मिसळली की ती बुडाला हात लावून म्हणायची, "हे माझं." मी आज डोळे मिटून हात लावून बघितला. लगेच सापडतो.