घरगाडीचा काटा

९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तू, वहिनी आणि मुलं मजेत असाल. आम्ही बरे आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं कोण ऐकतंय! इथे थंडी पडू लागली आहे. झोपायचे बाक, शेगडी सगळं पोटात घेऊन घरगाडी अंगणात उभी आहे. तिच्यावर मांजर झोपतं.

आता मुद्द्याचं. तुझा मला भयंकर राग आलाय. पाणी पिऊन, शांत बसून लिहायचं ठरवलं होतं, पण ते काही जमत नाही.

सुट्टीत तू गाडी मागितलीस, आम्ही हौसेने दिली. किल्ली देताना तुझ्या भावजींनी अडखळत का होईना, तुला बजावलं होतं, "डिझेलच्या काट्याकडे बघून घाबरू नकोस. लाल रेषेला टेकला तरी टाकीत पाव भाग असतो." आठवतंय ना? इतकी वर्षं तो काटा असाच होता. मी कितीदा म्हटलं, दुरुस्त करून घ्या. तर म्हणायचे, "खोटं बोलतो, पण रोज एकच खोटं बोलतो. अशाशी संसार करता येतो." आणि माझ्याकडे बघून हसायचे, मेले!

त्या सुट्टीच्या कितीतरी आधी त्यांना आलेल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर गाडी मी चालवू लागले. त्यांचा उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं. पण शेजारच्या सीटवर बसून काटा बघायचं काम त्यांचंच. लाल झाल्यावर किती अंतर कापलं, चढ किती लागले, सगळं त्यांच्या डोक्यात. मी विचारायची, "भरू या का?" ते म्हणायचे, "अजून चालेल." झटक्यानंतर नीट फुटलेले पहिले शब्द तेच होते रे. आणि हिशोबात ते एकदाही चुकले नाहीत.

आणि मागच्या महिन्यात भर चढावर गाडी बंद पडली. टाकी कोरडी ठणठणीत. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवतायत, शिव्या घालतायत, आणि हे डाव्या बोटाने काट्याच्या काचेवर टकटक करत म्हणतायत, "आहे, अजून आहे." मीही त्यांच्यावर खेकसले.

गाडी ओढून घरी आणली त्या संध्याकाळी तू आला होतास. माझा लेक सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबांचा हिशोब गेला आता. आई, गाडी विकून टाकू." तू तिथेच बसला होतास. तोंडात मिठाची गुळणी धरून चहात साखर ढवळत होतास. मला वाटलं, तुला वाईट वाटतंय. किती भोळी मी!

काल मेकॅनिक आला. टाकी कोरडी पडल्यापासून इंजिनात राहून गेलेली हवा काढली, मग बाकाखालची फळी उचलून टाकीचं झाकण बघितलं आणि म्हणाला, "काकू, काटा तर चोख आहे. आत डिझेलची पातळी मोजणारा नवाकोरा दांडा बसवलाय. आणि स्क्रूवर हा हिरवा रंग कुणी लावलाय?"

प्रत्येक स्क्रूवर एकेक हिरवा ठिपका. दुकानात तू दुरुस्त केलेल्या प्रत्येक वजनकाट्यावर लावतोस ना, मागाहून कुणी हात लावला तर कळावं म्हणून? तोच. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्याचा चुकीचा काटा तुला बघवत नाही, हे मला ठाऊक आहे. गाडी वापरली म्हणून उपकार फेडायला दुरुस्त केला असशील, तेही समजतं. पण सांगायला काय झालं होतं? बरं, विसरलास म्हणू. त्या संध्याकाळी तरी तोंड उघडायचंस! भाच्यासमोर कमीपणा येईल म्हणून एका धडधाकट डोक्याच्या माणसाला खुळ्यात काढू दिलंस?

तुला माहीत नाही इथे काय चाललंय. ते आता पुढच्या सीटवर बसत नाहीत. गाडी दवाखान्यापर्यंत न्यायची म्हटलं, तरी आपणहून मागच्या बाकावर जाऊन बसतात. 'अजून चालेल' हे शब्द घरातून गेलेत. काल जेवताना विचारलं, "अजून वाढू का?" तर ताट माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तूच बघ." स्वतःच्या पोटातल्या भुकेवरचाही विश्वास उडालाय रे त्यांचा.

मेकॅनिक गेल्यावर मी धावत जाऊन त्यांना सगळं सांगितलं. ते हसले, माझा हात थोपटला. बायको मन राखतेय असं वाटलं त्यांना. मी त्यांना ठिपके दाखवायला नेत होते, तर "राहू दे" म्हणाले. माझ्या तोंडून ते पटणार नाही, आणि म्हणून हे पत्र. नाहीतर तुझं तोंडही बघितलं नसतं.

रविवारी ये. जुना वाकडा दांडा घेऊन ये, तू काही फेकत नाहीस. माझ्या लेकालाही बोलावलंय. त्याच्यासमोर दांडा भावजींच्या हातात दे आणि स्वतःच्या तोंडाने सांग, काय केलंस आणि का गप्प बसलास. मला 'सॉरी' नको, मला नकोच आहे काही.

जुना दांडा परत बसवायचा नाही. नवाच राहू दे. नवा काटा ते चार फेऱ्यांत पाठ करतील. चूक त्यांची नव्हती, एवढं त्यांना कळू दे.

नाही आलास, तर दिवाणखान्यातला तुझा फोटो उतरवेन. आलास, तर जेवायलाच ये. आणि जेवणानंतर फेरी मारायला निघालो, तर गाडीत माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसू नकोस. ती जागा रिकामी ठेवली आहे.

अजूनही
तुझी ताई