पहिल्या हाकेला ओ

शनिवार, १ फेब्रुवारी

आलो एकदाचे घाटकोपरला! लालबागच्या खोलीतून थेट पंतनगरात, चौदाव्या मजल्यावर. घर भाड्याचं असलं म्हणून काय झालं, संडास घरात आहे. पन्नास वर्षं चाळीच्या टोकाला बादली घेऊन गेलेल्या बाबांनी आज उगाचच चार वेळा फ्लश करून पाहिलं. मी हसले तर म्हणाले, पाणी येतं की नाही ते बघत होतो.

गंमत म्हणजे या घराला चावीच नाही. 'दारवान' नावाचं ॲप आहे. फाटक, लिफ्ट, घराचं दार, सगळं चेहरा दाखवला की उघडतं. सेक्रेटरी अनिरुद्ध सामंत स्वतः वर येऊन शिकवून गेले. चष्म्यामुळे माझा चेहरा तीनदा नाकारला. चष्मा काढला तर मला समोरचं दिसत नाही, आणि सामान उचलून जीव गेला होता. तूर्त घरटी मिळणारं एकच कार्ड मी घेतलं. बाबांनी मात्र कॅमेऱ्याकडे पाठच फिरवली. "माझा तोंड माझ्याकडेच ऱ्हवांदे," म्हणाले.

सोमवार, ३ फेब्रुवारी

ऑफिसचं काम घरूनच सुरू केलं. विम्याचे दावे तपासायचे, म्हणजे दिवसभर लोकांवर संशय घ्यायचा. ते रक्तात आहेच म्हणा. आज दुकानात साबण घेताना काउंटरवरच्या पोरीने मोबाइल नंबर मागितला, तर बाबा साबण तिथेच ठेवून घरी आले. साबणाला माझ्याशी बोलायचंय का, असं त्या पोरीला विचारलं म्हणे. मी म्हटलं, बाबा, आपण काय मोठे लागून गेलोय? आपल्याकडे आहे काय चोरण्यासारखं?

बाबांची जुनी खोड इथेही सुरूच आहे. गावी म्हणतात ना, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल. 'त्यांना' तिसरी हाक मारता येत नाही. आई जेवायला हाक मारायची तेव्हाही हे तिसऱ्या हाकेशिवाय हलायचे नाहीत. भात गार व्हायचा, आई गरम.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बाबा रोज अकराला खाली बाकावर जाऊन बसतात आणि येताना प्रत्येक वेळी दार उघडायला मला मीटिंगमधून उठावं लागतं. सामंतांचेही दोन फोन झाले, नोंदणी सक्तीची आहे म्हणून. शेवटी आज मी लबाडी केली. गावच्या निलेशचा व्हिडिओ कॉल आहे सांगून मोबाइल बाबांसमोर धरला. निलेश म्हणजे त्यांचा लाडका पुतण्या. जरा डावीकडे बघा, आता उजवीकडे, आता हसा. हसले बिचारे, तोंडभर. निळा चौकड्यांचा शर्ट घातला होता, छान दिसत होते. निलेश दिसत का नाही, विचारलं. म्हटलं, नेटवर्क नाही.

'काशीराम' नावाने बाबांची नोंदणी पूर्ण. दार आता आपोआप उघडतं असं त्यांना सांगितलंय. वाईट वाटलं, पण काम झालं.

रविवार, ९ फेब्रुवारी

दुपारी बाराला दार टिक करून उघडलं. मोबाइलवर आलं, 'काशीराम आत आले.' बाबा माझ्यासमोर बसून वाल सोलत होते. मी बाहेर डोकावले, कुणी नाही. ॲपमध्ये बिघाड असणार.

पण मघापासून आतल्या खोलीतली आरामखुर्ची करकरतेय. पंखा बंद आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

फाटकाने आज बाबांना अडवलं. 'काशीराम आधीच आत आहेत.' ऊन डोक्यावर, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस स्वतःच्याच दाराशी ताटकळत उभा. मी धावत खाली गेले, सामंतांशी भांडले. त्यांनी शांतपणे लिफ्टचं चित्रण दाखवलं. हे बघा, म्हणाले, आत गेलेत ना तुमचे वडील.

गेले होते. निळा चौकड्यांचा शर्ट. कॅमेऱ्यापुढे मान डावीकडे, मग उजवीकडे. मग हसू. तेच, तोंडभर.

बाबा आज पांढऱ्या सदऱ्यात होते. निळा शर्ट शनिवारपासून दोरीवर वाळतोय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

बाबांना सगळं सांगून टाकलं. शिव्या घालतील वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मगे त्या दिवशी मी कोणाक बघून हसलंय?"

नोंद पुसायला गेलो. पुसण्यासाठी त्याच माणसाने चेहरा दाखवायचा असतो. बाबांनी दाखवला. स्क्रीनवर लाल अक्षरात आलं, 'ही व्यक्ती काशीराम नाही.' पुन्हा केलं. तेच. मी बाबांचा हात धरून ठेवला. माझ्यामुळे झालं हे, फक्त माझ्यामुळे.

सामंत म्हणतात, कंपनीला कळवतो. कंपनीचा फोन लागत नाही. मी विचारलं, तुमच्या घरात ॲप किती माणसं दाखवतं? ते तसेच जिना उतरून गेले. स्वतः लिफ्ट का नाही वापरत ते?

उद्या घर सोडायचं. सामान राहू दे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी ११.२०

टेम्पो दोनला येणार. बाबा तोवर सुताराला आणायला गेलेत. निघेपर्यंत तरी आतून साधी कडी हवी, म्हणाले. मोबाइल न घेता गेले. मी म्हटलं, मीही येते. म्हणाले, फाटक सामंत उघडतील, तू दाराशी थांब, माझ्यासाठी उघडायला कुणी तरी हवं. मी तिसरी हाक मारेपर्यंत उघडू नको.

११.५०

टिक.

'काशीराम आत आले.'

मी दाराकडे पाठ करून बसले होते. वळून बघितलं नाही — पावलं मागून गेली, आतल्या खोलीत. खुर्ची करकरली. बाबाच असतील. सुतार मिळाला नसेल. पण दार तर त्यांना ओळखत नाही —

११.५५

हाक मारून बघितली. हळूच, एकदाच. बाबा.

लगेच आतून, "ओ."

एका हाकेला — बाबांनी जन्मात कधी —

१२.००

बाहेरून आवाज. "श्रुतिका!" एक.

माझं कार्ड लागत नाही. लॉकवर आलंय, काशीराम घरात आहेत, दार बंद. हाताने ओढलं, हलत नाही. ओरडायला गेले, तोंडातून आवाजच —

"श्रुतिका गो!" दोन. बाबा, थांबा, जाऊ नका —

खुर्ची थांबली.

पावलं. माझ्या मागे. निळी बाही — हातात माझाच मोबाइल —

निलेशचा फोन आलाय म्हणतोय. बघ गो चेडवा, म्हणतोय. जरा डावीकडे. चष्मा काढ —

बाहेर, तिस