साबणवडीएवढी सूटकेस

बुधवार, २४ जानेवारी २०१८. दुपारी बारा वाजता.

नेमकं लिहायचं तर बारा वाजून शून्य मिनिटं. कॅथेड्रलच्या घंटेचा पहिला ठोका पडला आणि माझ्यावर अन्याय झाला. ला पाझच्या अलासितास बाजारात, चिमुकल्या वस्तूंच्या ढिगांमध्ये, हजारो साक्षीदारांसमोर. करणारी माझी सख्खी नात दानित्सा, वय सात.

तीन दिवस पढवलं होतं तिला. आपली वस्तू आपणच घेतली तर फळत नाही, दुसऱ्यानं द्यावी लागते – म्हणून काम तिच्याकडे. ठोका पडताच प्लास्टरचं घर घ्यायचं, लाल कौलांचं, आणि माझ्या हातावर ठेवायचं. बाराला जे हातात येतं ते वर्षभरात खरं होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या लेकीनं, हिमेनानं, आरमारातला नवरा केला तेव्हापासून मी तिच्याबरोबर नऊ वर्षांत सहा सरकारी घरं पाहिली. एकाही भिंतीत कुणाला न विचारता खिळा ठोकता आला नाही. आता मला माझी भिंत हवी.

ठोका पडला. पोरीनं हातावर ठेवली सूटकेस. साबणवडीएवढी, तपकिरी, पत्र्याची कडी लावलेली.

"घर कुठंय?"

"घर जड होतं, आजी."

मी "थांबा" म्हणेपर्यंत शेजारी बसलेल्या यातिरी भगतानं सूटकेसला धूप दाखवला, वर दारूचे थेंब शिंपडले आणि मला म्हणाला, "लांबचा प्रवास आहे, मावशी. मनासारखा होवो."

जावई ग्रोवर पोट धरून हसत होता. लेफ्टनंट आहे. समुद्र नसलेल्या देशाच्या आरमारात राहून माणसाला हसायची सवय लागते बहुतेक. "आई, आता कपडे भरायला घ्या."

नातू इवार, वय चार, यानं मला प्लास्टरचा कोंबडा दिला. बाईला कोंबडा देतात तो नवरा मिळावा म्हणून. या विषयावर मी काही लिहिणार नाही.

सकाळ मात्र बरी गेली होती. कागदांच्या दुकानात काडेपेटीएवढी पदवीपत्रं, पारपत्रं, लग्नाचे दाखले, कुटुंब-पुस्तिका. सुक्रेच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात चौतीस वर्षं काढलेल्या बाईला हे बघवतं का? कुटुंब-पुस्तिकेवर शिक्का उजवीकडे छापलेला. दुकानदारणीला म्हटलं, "बाई, शिक्का डावीकडे असतो."

"देवाला चालतो, मावशी."

"देवाला चालेल. नोंदणीला नाही चालत."

दानित्सानं विचारलं, "आजी, यात नाव लिहिलं की खरं होतं?"

म्हटलं, "शिक्का जागेवर असेल तर." मग ती इवारला वाकवून त्याच्या पाठीवर काहीतरी खरडत बसली. चित्र असणार.

गुरुवार, २५ जानेवारी

सूटकेस कपाटावर टाकली. उघडलीसुद्धा नाही. कोंबडा तिच्याकडे पाठ करून ठेवला.

रविवार, २८ जानेवारी

तिकिना, म्हणजे आमचा सध्याचा तळ. तिथून सरोवराच्या पलीकडच्या काठावर सहल. वारा असा की ट्राउट ताटातून परत सरोवरात जाते की काय अशी भीती. बस तराफ्यावरून गेली, आम्ही नावेतून. इवार अर्धी वाट नावेच्या टोकाला सलामी ठोकून उभा. बसला सलामी, बगळ्याला सलामी, एका लामालाही. लामा थुंकला. ग्रोवर म्हणाला, "माझे वरिष्ठही असंच उत्तर देतात."

बदल्यांची यादी यंदा लांबलीये. कुणी विषय काढत नाही. सगळे मनात तोच विषय चघळतात.

येताना हिमेनानं हळूच विचारलं, "आई, ती सूटकेस… तू मनावर घेतलं नाहीस ना?"

"मी सिस्टरांच्या शाळेत शिकले. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही."

"मग घर कशाला मागितलं होतंस?"

खोचक प्रश्न विचारायची सवय तिला बापाकडून आली.

रविवार, ४ फेब्रुवारी

सरोवराकाठच्या कोपाकाबानाच्या माउलीची जत्रा. आमची म्हातारी गाडी आशीर्वादाला नेली. बॉनेटवर फुलं, आरशांना कागदी माळा. फादरनी बादलीत फुलांचा झुपका बुडवून पाणी उडवलं. ते निम्मं गाडीवर, निम्मं इवारच्या कानात – तो गाडीशेजारी सावधान उभा होता. रडला नाही. "ड्यूटीवर आहे," म्हणाला.

ग्रोवर माउलीसमोर बराच वेळ उभा होता. बाहेर आल्यावर विचारलं, "काय मागितलंस?"

"आणखी दोन वर्षं इथंच."

"मीही तेच," हिमेना म्हणाली.

मीही तेच. मोठ्यानं बोलले नाही.

दानित्साला विचारलं तर म्हणाली, "मी आधीच मागून ठेवलंय."

मंगळवार, ६ फेब्रुवारी

यादी लागली. ग्वायारामेरिन. मामोरे नदी, पार ब्राझीलच्या हद्दीवर. तिथं ऊन आहे, डास आहेत, आणि नदीत जे मासे आहेत ते माणसाला खातात. सव्वीस तारखेला निघायचं.

जेवताना चौघांनीही एकेकदा कपाटावर नजर टाकली. मी पाहिलं.

बुधवार, ७ फेब्रुवारी

आज खरा घाव.

ग्रोवर टेबलाशी बसून तिथल्या घराचा अर्ज भरत होता. दोन खोल्या मिळणार. लेफ्टनंट ग्रोवर सिन्यानी. पत्नी. अपत्ये. मग पेन थांबलं. कागद उलटा केला, सुलटा केला.

"आई, इथं सासूला रकानाच नाही."

"तिकिनाच्या अर्जात होता."

"तो जुना अर्ज होता. आता, नोंद नाही त्याला तळावर राहता येत नाही."

मग हिमेना – किती हळू आवाजात! – "आई, तू तोवर नेलीमावशीकडे कोचाबांबाला राहिलीस तर?" नेली माझी धाकटी बहीण. तिच्याकडे अकरा मांजरं आहेत आणि ती प्रत्येकाशी वेगळ्या आवाजात बोलते.

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?"

ग्रोवरनं पुन्हा अर्जात डोकं घातलं. अर्जाला असला रकानाही नसतो.

तेवढ्यात दानित्सानं सूपमधून मान वर काढली. "आजी, तू सूटकेस उघडलीस का?"

मी म्हटलं, "मला घालवायची तुलाच सगळ्यांत घाई. जानेवारीतच बॅग आणून ठेवलीस."

तिनं चमचा खाली ठेवला. उठून गेली. सूप तसंच राहिलं.

शनिवार, १० फेब्रुवारी

दानित्सा माझ्याशी बोलत नाही. मीही नाही. हट्ट आमच्याच घराण्यातला.

खोकी आली. माझं सामान वेगळ्या खोक्यात. वर हिमेनाच्या अक्षरात "कोचाबांबा". अक्षर घाणेरडं. सिस्टर एंग्रासियांनी पट्टी मारली असती.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

कार्निव्हलचा मंगळवार. आज जो तो आपापल्या घराला, दुकानाला, गाडीला रंगीत कागदी फिती बांधतो, दारू शिंपडतो, वर्षभर राखणीचं सांगतो. सकाळी मी म्हटलं, सरकारी घर, तेरा दिवसांनी सोडायचं – त्याला कसल्या फिती? कुणी ऐकलं नाही. जेवून मी खुर्चीत जरा डोळा लावला.

जागी झाले तर हलता येईना. पिवळ्या, जांभळ्या, हिरव्या फिती. खुर्चीच्या पायांना, हातांना, माझ्या हातांना, गळ्यात दोन वेढे. केसांत कागदी टिकल्या. समोर इवार, तोंडाला रंग.

"हे काय चालवलंयस?"

"मी नाही. ताईनं बांधलं. मी फक्त गाठ मारली."

"मी काय गाडी आहे?"

"गाडीला पण बांधलं," तो समजूत घालावी तसं म्हणाला. "जे आपलं असतं त्यालाच बांधतात, आजी."

खुर्चीच्या गाठी सोडवल्या, अंगावरच्या फिती तोडल्या नाहीत. तशीच स्टुलावर चढले – एकोणसत्तराव्या वर्षी, गळ्यात जांभळी फीत – आणि कपाटावरून सूटकेस काढली. कडी नखानं उघडली.

आत कुटुंब-पुस्तिका. त्याच दुकानातली. पेन्सिलनं लिहिलेलं, इवारच्या पाठीचे खड्डे अक्षरात उतरलेले. वडील ग्रोवर. आई हिमेना. अपत्य एक दानित्सा, दोन इवार. अपत्य तीन: ओर्तेन्सिया उर्किदी. म्हणजे मी.

छापलेला शिक्का उजवीकडे होता, तो तिनं काट मारून खोडला होता. डावीकडे नवा काढला होता, गोल, निळ्या पेन्सिलीनं.

ती दारात उभी होती.

"घर का नाही आणलंस?" मी विचारलं.

"आपण निघतो तेव्हा घर तिथंच राहतं. तू घरात राहिली असतीस."

पुढचं लिहीत नाही. रात्री सूप दोघींनी मिळून गरम केलं.

बुधवार, १४ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. कपाळाला राख लावून घेतली, त्याआधी पापांची कबुली दिली. सात वर्षांच्या मुलीला टोचून बोलले, तीन रविवार जावयाला मनातल्या मनात नावं ठेवली.

फादर म्हणाले, "आणखी काही?"

"आणखी एक आहे. पण ते अजून केलेलं नाही."

गुरुवार, १५ फेब्रुवारी

चौतीस वर्षांत एकही खोटी नोंद केली नाही. एकदा एका आमदाराचा पुतण्या दोन वर्षांनी लहान व्हायला आला होता, त्याला जिना दाखवला. आज दिवसभर टाक हातात धरून बसले. पुस्तिका चार वेळा वाचली. नोंदीत शोधूनही चूक सापडत नाही.

खोक्यावरचं "कोचाबांबा" खोडलं. माझ्या अक्षरात "ग्वायारामेरिन" लिहिलं. ग्रोवरनं पाहिलं आणि स्वतःहून खोकं उचलून बाकीच्यांत नेऊन ठेवलं.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी. सकाळी आठ वाजता.

तळाच्या कार्यालयात अर्ज स्वतः दिला, पोच घेतली. मागणी: लेफ्टनंट सिन्यानी यांच्या निवास-अर्जात अपत्य क्रमांक तीन समाविष्ट करावे. वय एकोणसत्तर, विधवा, सूटकेस स्वतःची. जोडपत्र: कुटुंब-पुस्तिका एक, सोबत भिंग. शिक्का योग्य जागी आहे. लेखी उत्तर शुक्रवार, २३ फेब्रुवारी, दुपारी बाराच्या पहिल्या ठोक्याच्या आत मिळावे. तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही.